पेटी तीच, लॉट वेगळा: कोल्हापुरातल्या एका .२२ रायफलीचं प्रकरण

बारावीत शिकणारी, करवीर तालुक्यातल्या एका गावातली मुलगी. ५० मीटर रायफल प्रोन, म्हणजे पालथं झोपून मारायचा, हा तिचा हातखंडा प्रकार. दिवाळीपर्यंत सरावात ६० गोळ्यांना सरासरी ६१८ गुण टिकून होते. डिसेंबर उजाडला आणि आकडा ६०९ वर घसरून तिथंच अडकला. रायफल तीच, जाकीट तेच, रेंज तीच. काडतुसंही त्याच कंपनीची, त्याच दर्जाची, त्याच रंगाच्या पेटीतली. फरक होता तो पेटीच्या झाकणाच्या आत छापलेल्या लॉट नंबरात, म्हणजे कारखान्यातल्या खेपेच्या नंबरात. दिवाळीत जुना साठा संपला होता आणि नवा आला होता.

घरात मात्र निदान आधीच झालं होतं. वडील शेतकरी, उसाचं बिल आलं की त्यातला पहिला हिस्सा मुलीच्या काडतुसांना. ते मला म्हणाले, "सर, पोरीचं ध्यान उडालंय बगा. बारावीचं लई टेन्शन घेतलंय तिनं. जरा समजावून सांगा." मुलीलाही तेच पटलेलं. तिनं तोवर स्लिंग (रायफल हाताला बांधणारा पट्टा) एक भोक घट्ट केली होती, चीकपीस (गाल टेकायचा भाग) खाली घेतला होता आणि श्वास धरायची वेळही बदलायला लागली होती. मला खरी काळजी याची वाटली. गुण घसरले की नेमबाज आधी स्वतःवर संशय घेतो, आणि जे बरोबर चाललंय तेच मोडायला बसतो. मोडलेली पोझिशन पुन्हा बसवायला महिने जातात. म्हणून सगळ्यात आधी तिची स्लिंग आणि चीकपीस डायरीतल्या जुन्या खुणांवर परत आणायला लावले आणि सांगितलं, आता कशालाही हात लावायचा नाही.

नऊ गुण म्हणजे किती मिलिमीटर

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं. गोळी ५.६ मिमीची, आणि तिची कड वर्तुळाला लागली तरी दहा मिळतो. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत पडला की दहा. दशांशात मोजताना याच ८ मिमीचे दहा भाग पडतात: प्रत्येक ०.८ मिमीला ०.१ गुण. अगदी मध्यात १०.९, कडेला १०.०.

६१८ म्हणजे गोळीमागे १०.३. हिशेब उलटा केला तर गोळ्या मध्यापासून सरासरी ५.२ मिमी दूर पडतात. ६०९ म्हणजे १०.१५, अंतर सरासरी ६.४ मिमी. सगळा फरक १.२ मिमीचा, पन्नास मीटरवर. एवढ्या फरकापायी राज्य स्पर्धेच्या यादीत मुलगी कितीतरी जागा खाली जाते. कोल्हापुरात हा हिशेब पोरं लवकर शिकतात. इथल्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्ण जिंकलं. तेव्हा दशांश नव्हते, पूर्ण गुण धरायचे. ६० गोळ्यांत मिळून फक्त तीन गुण गेले. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं. तेव्हापासून तर रेंजवर पोरांना घेऊन येणारे आईबाप पहिला प्रश्न रायफलीचा आणि दुसरा काडतुसांचा विचारतात.

रायफल आधी तपासली

काडतुसावर संशय घ्यायचा तर रायफल आधी निर्दोष ठरायला हवी. तिची रायफल अँशुट्झ या जर्मन कंपनीची, वापरलेली घेतलेली. ॲक्शनचे (बोल्ट बसतो त्या भागाचे) दोन्ही स्क्रू टॉर्क पान्यानं नेहमीच्या मापावर तपासले. पुढच्या साइटचा टनेल, मागची डायऑप्टर (बारीक भोकाची साइट), खांद्याला टेकणारी बटप्लेट, सगळं घट्ट. बॅरलच्या आत, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपून रायफलिंग (गोळीला फिरवणाऱ्या खाचा) सुरू होतं तिथं कार्बनचं कडं साचतं. ते नीट काढल्याशिवाय .२२ बद्दल काहीच ठरवता येत नाही. ते काढलं, फेल्टच्या गोळ्यांनी बॅरल पुसलं. मग क्लबमधल्या एका अनुभवी प्रोन नेमबाजानं तिच्याच रायफलीतून नवी काडतुसं मारली. त्याचेही गुण त्याच्या नेहमीच्या खाली आले. त्याच्या स्वतःच्या रायफलीत मात्र तीच काडतुसं बरी चालली.

इथं अर्धं कोडं सुटलं. लॉट सरसकट वाईट नव्हता. या बॅरलला तो मानवत नव्हता.

.२२ च्या बाबतीत हे नेहमीचं आहे, तरी लोकांना पटत नाही. गोळी साध्या शिशाची, ४० ग्रेन म्हणजे २.६ ग्रॅम, वरून मेणाचा पातळ लेप. मॅचच्या काडतुसात तिचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, साधारण ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंद ठेवतात, कारण आवाजाची हद्द ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते. मशीनचा साचा थोडा झिजला, शिशाची नवी खेप आली, मेणाचा थर किंचित बदलला, की पुढच्या लॉटची गोळी केसाएवढ्या फरकानं वेगळी होते. एका बॅरलच्या खाचांत ती चपखल बसते, दुसऱ्यात नाही. म्हणूनच एलेसारखी कंपनी पेटीवर लॉट नंबराबरोबर त्या लॉटचा वेगही छापते, आणि युरोपातले नेमबाज आपलं बॅरल घेऊन एले किंवा लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रात जातात, तिथं ते शिकंज्यात आवळून एकामागून एक लॉट मारून बघतात आणि जो जुळतो तोच उचलतात.

आपणच का भरू नये?

गावातले एक निवृत्त सुभेदार मुलीच्या घरी येऊन जात. त्यांनी विचारलं, "सर, अमेरिकेत लोक घरी काडतुसं भरत्यात म्हणं. कंपनीच्या तोडीस तोड. मग आपल्याला काय हुतंय?" प्रश्न बरोबर होता, म्हणून सविस्तर उत्तर दिलं.

तिकडं भरतात ती सेंटरफायर काडतुसं, .३०८ सारखी. पितळी केस (काडतुसाची नळी) पुन्हा वापरता येते कारण प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी) मध्यभागी वेगळा बसवलेला असतो. तो काढून नवा घालतात, गोळी आणि पावडर निवडतात, पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातल्या खालच्या मापापासून सुरुवात करतात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत आपल्या बॅरलला काय रुचतं ते शोधतात. .२२ लाँग रायफल या आमच्या काडतुसाला हा मार्ग जन्मतःच बंद आहे. त्याचं स्फोटक मिश्रण केसच्या पोकळ कडेत फिरवून बसवलेलं असतं. फायरिंग पिन ती कडच चेपते. एकदा मारली की केस संपली. शिवाय आपल्याकडे काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं, आणि शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे त्याला वेगळा परवाना लागतो. खेळाडूचा परवाना त्यासाठी चालत नाही.

सुभेदार काका म्हणाले, "म्हंजे हातात काय ऱ्हात न्हाई." राहतं. भरणाऱ्याची शिस्त राहते. पावडर बदलता येत नाही, पण लॉट बदलता येतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पुरेशा गोळ्या मारून नोंद ठेवता येते. या प्रकरणात आम्ही एवढंच केलं.

चाचणी कशी घेतली

मुलीच्या जुन्या लॉटच्या दोन पेट्या सुदैवानं शिल्लक होत्या. स्पर्धेसाठी राखून ठेवलेल्या, आईनं कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेल्या. त्या नसत्या तर तुलनेला काही मापच उरलं नसतं. माझं सगळ्यांना सांगणं असतं की चांगल्या लॉटची एक पेटी कायम हातची राखावी, मग पुढचा लॉट कितीही भरवशाचा वाटो.

शिकंजा आमच्याकडे नाही. रायफलीवर दुर्बीण बसवली, पुढं आणि मागं वाळूच्या पिशव्या, टेबल पक्कं. कोल्हापुरात डिसेंबरची सकाळ चाचणीला चांगली: वारा पडलेला, उजेड एकसारखा. ऊन चढलं की थांबायचं. सकाळच्या पंधरा अंशांत आणि दुपारच्या तिशीत मारलेले ग्रुप (एकाच निशाण्यावर सलग मारलेल्या गोळ्यांची भोकं) एका तक्त्यात भरायचे नाहीत, एवढा नियम कडक पाळला.

लॉट बदलला की पहिल्या पंधरा-वीस गोळ्या मोजायच्या नाहीत. बॅरलमध्ये आधीच्या काडतुसाचं मेण असतं, ते जाऊन नव्याचं बसेपर्यंत गोळ्या कुठंही जातात. बऱ्याच जणांची चाचणी इथंच फसते: नवी पेटी फोडतात, पाच गोळ्या मारतात, ग्रुप पसरला की पेटी बाजूला. ज्या लॉटला ते नाकारतात तो कदाचित त्यांच्या बॅरलला उत्तम असतो. लॉट आलटून पालटून मारले, म्हणजे आधी जुना, मग नवा, पुन्हा नवा, पुन्हा जुना. सकाळ सरताना उजेड आणि गारवा बदलतोच, तो दोघांच्या वाट्याला सारखा यावा म्हणून.

आणि ग्रुप दहा गोळ्यांचा. वडिलांनी पहिल्या सकाळी नव्या लॉटचा एक पाच गोळ्यांचा ग्रुप बघितला, एका भोकात जवळजवळ सगळ्या, आणि फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲपवर टाकलासुद्धा. "काडतूस चांगलं हाय की ओ सर!" पुढच्या पाच गोळ्यांनी तो ग्रुप दीडपट पसरला. पाच गोळ्यांचे ग्रुप मारत राहिलं तर त्यातला एखादा सुंदर निघतोच, आणि माणूस नेमका तोच लक्षात ठेवतो. मी तक्त्यात सगळे ग्रुप लिहायला लावले आणि निर्णय सरासरीवर घेतला.

जुन्या लॉटचे दहाचे ग्रुप सरासरी ११ मिमीचे, दोन टोकांच्या गोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. नव्याचे १६ मिमीचे.

आता हे पाच मिमी आणि तिचे नऊ गुण जुळतात का? इथं थोडं गणित करावं लागतं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्याशिवाय मुलीची सुटका होत नाही. दहा गोळ्यांच्या ग्रुपचा पसारा हा मध्यापासूनच्या सरासरी अंतराच्या साधारण तिप्पट असतो. म्हणजे जुना लॉट ३.६ मिमी, नवा ५.३ मिमी. काडतुसाची चूक आणि माणसाची चूक सरळ बेरजेत मिळत नाहीत, त्यांचे वर्ग मिळतात, काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखे. दिवाळीआधी एकूण ५.२ होतं. ५.२ चा वर्ग २७, त्यातून ३.६ चा वर्ग १३ वजा केला की १४ उरतात, म्हणजे मुलीचा स्वतःचा वाटा ३.७ मिमी. आता तिचा वाटा जसाच्या तसा ठेवून नवा लॉट घाला: १४ आणि २८ मिळून ४२, वर्गमूळ ६.५. सराव ६.४ दाखवत होता.

म्हणजे मुलगी जराही घसरली नव्हती. मी हा हिशेब रेंजवरच्या फळ्यावर तिच्यासमोर मांडला. ती विज्ञान शाखेची, तिनं स्वतः कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून बघितला, मग परत एकदा केला. वडिलांना वर्गमूळ कळलं नाही, पण पोरीचा चेहरा कळला.

वेग की गोळी?

क्लबमधल्या एकानं क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, आणलं होतं. बहुतेकांचा पहिला संशय दारूवर, म्हणजे पावडरवर असतो: काही काडतुसांत जास्त, काहींत कमी. तसं असेल तर ग्रुप उभा पसरतो. ३२५ च्या वेगानं निघालेली गोळी पन्नास मीटर जाईपर्यंत साधारण १२ सेंटिमीटर खाली येते. वेग एका टक्क्यानं, म्हणजे सव्वातीन मीटरनं कमी झाला तर ती आणखी जवळपास अडीच मिमी खाली पडते. आडवा फरक पडत नाही. (बॅरलची थरथर यातला काही भाग भरून काढते, तरी कल उभाच दिसतो.)

नव्या लॉटचे ग्रुप उभे नव्हते, चारी बाजूंना गोल पसरले होते. क्रोनोग्राफवरही दोन्ही लॉटच्या वेगांतला चढउतार जवळपास सारखाच. तेव्हा दारू सुटली. मग एक साधी गोष्ट केली. रेंजवर, बॅरल टार्गेटकडे ठेवून, दोन्ही लॉटची काही काडतुसं चेंबरमध्ये घालून न मारता बोल्टनं परत काढली आणि भिंगाखाली धरली. मॅच चेंबरमध्ये गोळीचा पुढचा भाग रायफलिंगला टेकतो आणि शिशावर खाचांचे ठसे उमटतात. जुन्या लॉटवर ठसे बारीक, सगळीकडून सारखे. नव्या लॉटच्या बऱ्याच गोळ्यांवर एका अंगाला ठळक, दुसऱ्या अंगाला जेमतेम. गोळी या चेंबरमध्ये जरा तिरकी शिरत होती. तिरकी शिरलेली गोळी फिरताना झोके घेते, आणि कोणत्या बाजूला जाईल ते दर वेळी वेगळं, म्हणून ग्रुप गोल. हे शंभर टक्के सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, पण ठसे आणि ग्रुपचा आकार एकच गोष्ट सांगत होते.

काडतुसं वजन करून किंवा कडेची जाडी मोजून निवडावीत असंही एकानं सुचवलं. तसं करणारे आहेत. माझ्या मते संध्याकाळ त्यात घालवण्यापेक्षा दुसरा लॉट मारून बघावा.

पर्याय शोधताना

युरोपातल्यासारखं चाचणी केंद्र आमच्याकडे नाही, आणि काडतुसं आयात होऊन जी येतील त्यातूनच निवडायची. प्रत्येकाची काडतुसं ज्याच्या त्याच्या परवान्यावर असतात, म्हणून एकमेकांच्या पेट्या घरी नेऊन बघणं हा विषयच नाही. क्लबच्या साठ्यात वेगवेगळे लॉट होते. नोंदवहीत सही करून, रेंजवरच मारायच्या अटीवर, प्रत्येकातली एकेक पेटी घेतली आणि त्याच पद्धतीनं चाचणी केली.

सगळ्यात महागड्या दर्जाच्या एका लॉटनं तिच्या बॅरलमध्ये निराशा केली, नव्या लॉटपेक्षा थोडाच बरा. आणि त्याच्या खालच्या दर्जाचा, बराच स्वस्त एक लॉट साडेबारा मिमीवर आला. ११ नव्हे, पण हिशेबात घातला तर मुलीचा अंदाज ६१५ च्या आसपास निघत होता. भिंगाखाली ठसेही सगळीकडून सारखे. क्रोनोग्राफवर त्याचा वेग जुन्या लॉटच्या जवळचा निघाला, त्यामुळे साइटवर थोडेच क्लिक बदलावे लागले. ही सोय मोठी आहे. सरावाचं आणि स्पर्धेचं काडतूस वेगवेगळं असलं तरी दोन्ही एकाच जागी पडत असतील तर नेमबाजाच्या डोक्यात दोन हिशेब राहत नाहीत.

वडिलांना हे पचवणं जड गेलं. स्वस्त म्हणजे कमअस्सल ही समजूत त्यांच्या मनात पक्की. "उद्या लोक म्हणतील, बापानं काटकसर केली." मी त्यांना तक्ता पुन्हा दाखवला आणि एवढंच सांगितलं की पेटीची किंमत बॅरलला वाचता येत नाही. शेवटी मुलीनंच ठरवलं: सराव या स्वस्त लॉटवर, स्पर्धेला जुन्या लॉटच्या राखलेल्या पेट्या, आणि त्या संपल्या की स्पर्धाही स्वस्त लॉटवरच. जानेवारीत तिची सरावाची सरासरी ६१५ ला आली आणि टिकली. परीक्षा होतीच, टेन्शनही होतंच.

राहिला प्रश्न न मानवलेल्या लॉटचा. उसाच्या पैशातून आलेल्या पेट्या, फेकून कशा द्यायच्या? त्या आम्ही तिच्या स्टँडिंगच्या सरावाला लावल्या. उभं राहून तिचा स्वतःचा पसारा ९ मिमीच्या घरात आहे. त्यात चांगला लॉट घातला तर एकूण ९.७, हा वाईट लॉट घातला तर १०.४. गोळीमागे ०.०९ गुणाचा फरक, आणि उभं राहायला शिकताना तेवढा फरक तिच्या आड येत नाही. फक्त त्या पेट्यांवर लाल पेननं मोठा स्टँ लिहिला आहे, म्हणजे प्रोनच्या दिवशी चुकून त्यातली एकही हातात येऊ नये. आणि आयातीची पुढची मागणी नोंदवताना तिनं अर्जावर आता काडतुसाच्या नावाबरोबर स्वस्त लॉटचा नंबरही लिहिला आहे. तोच मिळेल याची खात्री नाही, पण मिळाला तर तो कपाटात साड्यांखालीच जाईल, असं तिच्या आईनं आधीच सांगून ठेवलंय.